कोठीतला सहा नंबरचा पॉईंट

माझे भाऊजी कृष्णराव तार माझ्याच दुकानातून घेतात आणि माझ्याच दुकानात ती पुन्हा मोजतात. अड्याळच्या बाजारचौकात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. काउंटरला ठोकलेल्या पट्टीवर मी तार मोजतो, कापतो आणि गुंडाळून हातात देतो. भाऊजी ती गुंडाळी सोडतात, खिशातून स्वतःचा टेप काढतात आणि चार गिऱ्हाइकं बघत असताना एकेक मीटर मोजत बसतात. एकदा माझं डोकं फिरलं.

"भाऊजी, मी तुमचा साळा आहो. चोर नाही."

"चोर कोण म्हणते बे तुले, मंगेश? मी तं फक्त पाहून राहिलो."

पाहून राहिलो. या दोन शब्दांत या माणसाचं सगळं आयुष्य आलं. दूध घरात येतं तेव्हा ते पाहतात, सिलिंडर येतो तेव्हा ते पाहतात. लग्नाच्या वेळी दाखवली तीच मुलगी नवरी म्हणून उभी केली की नाही, हेही त्यांनी पाहिलं होतं म्हणे. गोदावरीताई, म्हणजे माझी मोठी बहीण, अजून तो किस्सा दात ओठ खात सांगते. अंतरपाट दूर झाला तर हे हार घालायच्या आधी तिच्या कानाखालचा तीळ शोधत होते.

त्यांचा दोष तरी किती म्हणावा? चौतीस वर्षं रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. त्या कामात संशय घेण्याचाच पगार मिळतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेला ते लोक पॉईंट म्हणतात. स्टेशनातल्या पॅनलवर बटण दाबलं की तिकडे यार्डात मोटार फिरते, रुळाचं पातं सरकतं आणि पॅनलवर बत्ती लागते. सरळ असेल तर हिरवी, वळण असेल तर पिवळी. पण बत्ती बटण दाबल्यामुळे लागता कामा नये. पातं खरोखर सरकून दुसऱ्या रुळाला घट्ट चिकटलं, तरच लागली पाहिजे. भाऊजी म्हणायचे, "बत्तीवर भरोसा ठेवायचा नाही. बत्तीले विचारायचं, तुले कोणी सांगतलं?"

म्हणून तपासणीला दोन माणसं लागतात. एक पॅनलपाशी बटण दाबतो, दुसरा पॉईंटपाशी उभा राहून डोळ्यांनी पाहून ओरडतो. सरळ असेल तर "नॉर्मल", वळण असेल तर "रिव्हर्स". बत्ती आणि माणूस एकच बोलले की रजिस्टरवर दोघांच्या सह्या होतात.

आता ते प्रकरण सांगतो. स्टेशनाचं नाव लिहीत नाही, भाऊजींची तशी अट आहे. वीस वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि दंडारीचे खेळ होतात त्या दिवसांत, खोदकामात तिथली एक केबल तुटली. भाऊजींनी दिवसभर रुळाकडेच्या लोखंडी पेटीत वाकून नवी जोडणी केली. हाताखाली खलाशी, म्हणजे मदतनीस, होता आंबागडचा देवाजी. जोडणी झाली, तपासणी झाली, दोघांच्या सह्या झाल्या. चार दिवसांनी मॅंगनीजचे डबे मागेपुढे करताना सहा नंबरच्या पॉईंटवर दोन डबे रुळावरून खाली उतरले. पात्यात मॅंगनीजचा एक खडा अडकला होता. पातं अर्ध्यातच थांबलेलं, आणि पॅनलवर मात्र पिवळी बत्ती लखलखत होती. माणूस कोणी मेला नाही, हे नशीब.

चौकशीत पेटी उघडली तर सात नंबर आणि आठ नंबरच्या टर्मिनलमध्ये वीतभर जास्तीची तार निघाली. ती तार असली की पातं सरको न सरको, नुसत्या बटणावर बत्ती लागते. कोणी घातली? भाऊजी म्हणाले, मी नाही, देवाजीनं घातली असणार. बत्ती लागली नाही की रात्री-अपरात्री धावावं लागतं, ते टाळायला. देवाजी एवढंच म्हणाला, "मले माहीत नाही साहेब." कागदावर शेवटी आलं, जबाबदारी निश्चित होत नाही. दोघांनाही शिक्षा झाली आणि दोन दिशांना बदल्या झाल्या.

निश्चित होत नाही, हे तीन शब्द भाऊजींच्या गळ्यात माशाच्या काट्यासारखे अडकले ते अडकलेच. निवृत्त झाले, अड्याळला घर बांधलं, तरी जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "त्यानंच घातली." मीही ते खरं धरून चाललो. एकदा देवाजी कुठल्या लग्नाला अड्याळला आला होता, तेव्हा माझ्या दुकानात बल्बचा होल्डर मागायला आला. मी म्हणालो, "संपले." माझ्या पाठीमागे होल्डरची माळ लटकत होती. तो परत गेला. मला तेव्हा फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

गेल्या वर्षी भाऊजींच्या मुलीचं, रुपाचं, लग्न जमायला आलं. रुपा भंडाऱ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिथेच वीरेंद्र गणित शिकवतो. मुलगा सालस, दोघांचं मन जुळलेलं, ताईलाही पसंत. सगळं जुळत होतं, फक्त मुलाच्या बापाचं नाव देवाजी निघालं आणि गाव आंबागड.

भाऊजी ताटावरून उठले. "ज्यानं माझ्या पेटीत तार घातली, त्याच्या घरी माझी पोरगी? हा डाव आहे. एकोणीस वर्षांनी हा माणूस माझ्या घरात घुसून राहिला."

"बाबा, वीरेंद्र तेव्हा सहावीत होता," रुपा म्हणाली.

"बाप तं नव्हता ना सहावीत!"

ताईनं भांडी आपटली, रुपानं दोन आठवडे बोलणं सोडलं. मग भाऊजींनी आपला तोडगा काढला. ते यार्ड जसंच्या तसं लहान करून बांधायचं. तेच सहा पॉईंट, त्याच तारा, तीच जोडणी, फक्त त्यांच्या हातची. दुसऱ्या कोणाचाही हात लागू द्यायचा नाही. मग देवाजीला बोलवायचं आणि त्याच्यासमोर चालवून दाखवायचं, की माझ्या हातच्या जोडणीत बत्ती खोटं बोलूच शकत नाही. मी म्हणालो, यानं काय सिद्ध होतं? हे कोणत्या कोर्टात चालणार? ते म्हणाले, "देवाजीच्या तोंडावर चालंल."

रुपा फिजिक्सवाली. तिनं शांतपणे विचारलं, "अन् तुमची बत्ती एकदा जरी खोटी निघाली तं?"

"निघतच नाही."

"निघाली तं?"

"तं मी स्वतः आंबागडले जाऊन साक्षगंधाची तारीख काढीन. नाही निघाली तं हे नाव या घरात घ्यायचं नाही."

साखरपुड्याच्या तारखेची ती पैज रुपानं मान डोलावून घेतली. या माणसाचं काम मी ओळखतो. त्यात चूक सापडायची नाही आणि पोरीचं लग्न जाईल, असंच मला वाटत होतं.

कोठीतली धानाची पोती ओसरीवर आली. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "धान बाहीर अन् खेळणं अंदर! पाहा बाप्पा, म्हातारपण कसं लागते ते." कोठीत प्लायवूडची मोठी फळी टेबलासारखी उभी राहिली. पितळी पट्ट्या तासून भाऊजींनी स्वतः रूळ केले. पॉईंटच्या मोटारी म्हणून त्यांनी चारचाकीच्या दाराला सेंट्रल लॉकच्या असतात त्या मोटारी माझ्यामार्फत मागवल्या. वीज दिली की दांडी टक्कन पुढे, उलटी दिली की मागे. प्रत्येक पात्याखाली नखाएवढा स्विच बसवला, पातं पूर्ण चिकटलं तरच दबणारा. पत्र्यावर यार्डाचा नकाशा रंगवून पॅनल केलं आणि त्यावर प्रत्येक पॉईंटला एक हिरवी, एक पिवळी बत्ती.

दाराला कुलूप, किल्ली कंबरेच्या करदोट्याला. तेवढ्यानं भागेना म्हणून कुलपावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही आणि वेळ. उंदीर मारायचं औषध ठेवायलाही ताईला आत जाऊ देईनात. मी मोटारी नेल्या तर एकेक मोटार आठवडाभर तपासली, मी जुनी तर नाही खपवली म्हणून. मोटारी आणायला मला तीन आठवडे उशीर झाला, तो राग वेगळाच. मी द्यायला गेलो तेव्हा मला उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं. पाहतो तर एकही मोटार नसताना पॅनल चालू होतं. भाऊजी बटण दाबत होते, हिरवी विझत होती, पिवळी लागत होती.

"मोटार नाही अन् बत्ती कशी?"

"तात्पुरतं आहे. बत्त्या पाहून राहिलो. तू तिथंच उभा राह्य."

फळीखाली तारांच्या जुड्या मेणाच्या पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या दिसत होत्या, दर दोन बोटांवर एक गाठ, सगळ्या गाठी एका ओळीत. त्यांची ही बांधणी पाहायला रेल्वेतले साहेब लोक थांबायचे म्हणे. लोंबती तार त्यांना सहनच होत नसे. जेवायच्या ताटाजवळ चार्जरची वायर लोंबत असली तरी आधी ती बांधायचे, मग घास.

पाच महिन्यांनी, एका रविवारी सकाळी दहा वाजता, देवाजी आला. सोबत वीरेंद्र. देवाजी वाळला होता, जाड भिंगाचा चष्मा लागला होता. हातात शिंगाड्यांची पिशवी होती.

"पिशवी बाहीर ठेव," भाऊजी म्हणाले. ना ये, ना बस. "अन् हात दाखव."

"बाबा!" रुपा ओरडली. वीरेंद्रचे कान लाल झाले. देवाजीनं मात्र चप्पल काढली, पिशवी ओसरीवर पोत्याला टेकवली आणि दोन्ही तळहात पुढे केले. शाळेत नखं दाखवतात तसे. मला खाली पाहावंसं वाटलं.

भाऊजींनी सगळ्यांना दारापाशी बोलावलं. "पट्टी पाहा. सही माझी आहे का? फाटली का कुठं?"

"नाही साहेब," देवाजी चष्मा वर करून म्हणाला. "जशीच्या तशी आहे."

"पाच महिन्यांत इथं माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही. हे सगळ्याईनं ऐकलं ना?"

ऐकलं. पट्टी फाडली, कुलूप उघडलं. भाऊजी पॅनलपाशी उभे राहिले आणि देवाजीला म्हणाले, "तुझी जागा तुले माहीत आहे." देवाजी पलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसला, चष्मा पुसला, डोळे रुळाच्या पातळीला आणले. भाऊजींनी एक नंबरचं बटण दाबलं. टक्.

"एक नंबर रिव्हर्स!" देवाजी ओरडला. त्या वाळक्या माणसातून असा आवाज निघाला की ताई दचकली. यार्डाच्या टोकापासून स्टेशनापर्यंत पोचवायचा आवाज होता तो.

"रिव्हर्स," भाऊजी बत्ती पाहून म्हणाले.

एक ते पाच, सगळे पॉईंट सरळ, वळण, सरळ, वळण. बत्ती आणि देवाजी एकच बोलत होते. रुपाचा चेहरा उतरत चालला. भाऊजींच्या मिशा वर चढत होत्या. मग सहा नंबर. बटण. टक्. पिवळी बत्ती.

देवाजी आणखी खाली वाकला.

"बोल ना बे. तोंड कायले शिवलं?"

"साहेब, हा आला नाही."

"काय आला नाही? पिवळी लागली ना!"

"बत्ती आली असंल. पॉईंट नाही आला. अर्ध्यात आहे."

भाऊजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. "पाहा! एकोणीस वर्षांनी बी माझ्या तोंडावर खोटं बोलून राहिला हा!"

मी पुढे होऊन वाकलो. देवाजी खरं बोलत होता. पातं अर्ध्यात थांबलं होतं आणि पातं नि रूळ यांच्या फटीत धानाचा एक दाणा अडकला होता. मी तसं सांगितलं. भाऊजी तिथं आले, पाहिलं आणि देवाजीकडे बोट रोखलं.

"तूच टाकला. वाकला तवा टाकला."

"आता हात पाहिले ना तुम्ही त्यांचे!" ताई एकदम फुटली. "धानाची कोठी आहे ही. उंदरं सारी रात नाचते अंदर. औषध ठेवू देलं का तुम्ही मले? अन् दाण्याचं विचारता!"

भाऊजी ऐकत नव्हते. "यानंच टाकला. याची जुनी खोड आहे."

देवाजी गुडघ्यांवरून उठला नाही. हळूच म्हणाला, "दाणा कोणी बी टाको साहेब. बत्ती खोटी काहून बोलली?"

भाऊजींचं रोखलेलं बोट खाली आलं. हा तर त्यांचाच प्रश्न होता, चौतीस वर्षं बत्तीला विचारलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, रुपाकडे पाहिलं. प्रत्येकावर संशय घेऊन पाहिला, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग दाराकडे पाहिलं. जमिनीवर फाटलेली पट्टी पडली होती, त्यांच्याच सहीची. संशय घ्यायला माणूसच उरला नव्हता. उरला होता तो एकच.

ते बॅटरी घेऊन फळीखाली शिरले. गुडघे दुखतात त्यांचे, कण्हत शिरले. बराच वेळ आम्हाला फक्त त्यांचे तळपाय दिसत होते. मी विचारलं, "कटर देऊ का?"

"नको. कोणी काही कापू नका." मग थोड्या वेळानं, "देवाजी, तू ये अंदर."

दोन म्हातारे त्या फळीखाली, आम्ही चौघे वर. खालून आवाज येत होता.

"ही तार पाह्य. मोटारी आल्या नव्हत्या म्हून बत्त्या पाह्यले घातली होती. मंग काढाची होती. बाकी पॉईंटच्या काढल्या, ही राहून गेली."

"हो साहेब."

"जुडीत बांधून टाकली मी. लोंबत होती म्हून."

"हो."

"तुले... तुले नवल नाही वाटून राहिलं?"

देवाजी म्हणाला, "त्या दिवशी पेटी उघडली तवा बॅटरी मीच धरून होतो. ती तार बी अशीच दोऱ्यात होती. दोन बोटांवर गाठ. चौकशीवाल्या साहेबाले तार दिसली, गाठ नाही दिसली. त्यानं कापली अन् दोरा खाली गिट्टीत पडला."

"मंग बोलला काहून नाही बे तू?"

"कोणत्या तोंडानं बोलू? तपासणीच्या रजिस्टरवर माझी बी सही होती. अन् तपासणीच्या दिवशी मी आंबागडच्या मंडईत दंडारीची ढोलकी वाजवून राहिलो होतो. तुम्हीच सुट्टी देली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, इथं सही कर, मी केली. मी पॉईंटपाशी उभा राहून पाहिलं असतं, खडा टाकून पाहिला असता, तं त्याच दिवशी सापडली असती. मंग तुमची चूक म्हणू, का माझी?"

रुपानं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. मला लाज वाटत होती, सरळ सांगतो. होल्डरची ती माळ डोळ्यांसमोरून हलेना.

भाऊजी बाहेर आले ते केसांना जाळं लागलेले. त्या यार्डाचंही त्यांनी रजिस्टर ठेवलं होतं, रकाने आखून. ते उघडलं, चष्मा लावला आणि लिहिलं. मग नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं वाचलं. "सहा नंबर पॉईंट. बत्ती खोटी. कारण, मेंटेनरनं तात्पुरती तार काढली नाही. जबाबदारी निश्चित." खाली सही केली. एकच.

मग त्यांनी माझ्याकडून कटर घेतलं, ती वीतभर तार कापली आणि खिशात ठेवली. धानाचा दाणा मात्र फेकला नाही. तोच दाणा पुन्हा त्याच फटीत ठेवला आणि बटण दाबलं. टक्. पातं अडलं, बत्ती लागली नाही. मग दाणा काढला आणि पुन्हा दाबलं.

"सहा नंबर रिव्हर्स!" देवाजी ओरडला.

"रिव्हर्स," भाऊजी म्हणाले. पिवळी बत्ती लागली होती. त्यांनी रजिस्टर उचलून पलीकडे नेलं आणि देवाजीपुढे धरलं. "आता तुम्ही पाहिलं ना? आता करा सही, इवाईबुवा."

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. देवाजीनं पेन हातात घेतलं आणि वीरेंद्रनं रजिस्टर खालून धरलं. ताई "चहा ठेवते" म्हणाली आणि तिथंच उभी राहून रडली. वर भाऊजींना ऐकवलंही, "पाच महिने माझं धान बाहीर पडलं ना जी!"

चहा पिताना मी देवाजीच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "काका, एकदा तुम्ही माझ्या दुकानात होल्डर मागाले आलते."

"हो. लटकून होते तुझ्या मागं," तो शिंगाडा सोलत म्हणाला. "दिसत होते मले." आणि सोललेला शिंगाडा माझ्या हातावर ठेवला.

पुढच्या बुधवारी भाऊजी दुकानात आले. मांडवाच्या लाइटिंगला तार पाहिजे होती, शंभर मीटर. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी पट्टीवर तार धरली आणि सवयीनं त्यांच्या खिशाकडे पाहिलं, टेप कधी निघतो म्हणून. ते काउंटरला पाठ करून रस्त्याकडे तोंड फिरवून उभे राहिले. माझं मोजून होईपर्यंत मागे वळले नाहीत.

मीच मग ती तार सोडली आणि पुन्हा एकदा मोजली.